स्पार्क प्लगची निवड आणि इंधनबचत

स्पार्क प्लग हा पेट्रोल किंवा वायुइंधनावर चालणाऱ्या अंतर्ज्वलन इंजिनातील एक भाग असून, तो विजेच्या ठिणगीने इंधन व हवा यांचे मिश्रण पेटवतो. मोटारीच्या इंजिनात सामान्यतः प्रत्येक सिलिंडरला एक प्लग असतो. काही इंजिनांत दोन असतात. डिझेल इंजिनात संपीडित हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटत असल्यामुळे तेथे स्पार्क प्लग नसतो.

वापराबरोबर प्लगची टोके झिजतात आणि त्यांवर काजळी साचते, म्हणून तो ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो. जुन्या मोटारीला इंधन जास्त लागू लागले की पहिला संशय बहुधा प्लगवर येतो. बाजारात प्लॅटिनम, इरिडियम किंवा अनेक अग्रे असलेले प्लग ‘मायलेज वाढवणारे’ म्हणून विकले जातात. प्रत्यक्षात योग्य प्लगमुळे इंजिनाने गमावलेली कार्यक्षमता परत मिळते. इंजिनाच्या मूळ रचनेत नसलेली कार्यक्षमता कोणताही प्लग निर्माण करू शकत नाही. प्लगची निवड करताना हा भेद लक्षात घेणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास

विजेच्या ठिणगीने इंधन पेटवण्याचा व्यवहार्य उपयोग एत्येन लेन्वार या बेल्जियन अभियंत्याने १८६० साली आपल्या वायुइंजिनात केला. निकोला टेस्ला यांना वायुइंजिनातील विद्युत प्रज्वलनाच्या पद्धतीसाठी १८९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. मोटारीसाठी खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरलेली रचना १९०२ मध्ये जर्मनीत सिद्ध झाली. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टतेचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग यांची जोडी तयार केली. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली बॅटरी व कॉइल यांवर आधारलेली पद्धत मोटारींत रूढ झाली.

सुरुवातीच्या प्लगमध्ये विद्युत निरोधक म्हणून चिनी माती किंवा अभ्रक वापरीत. १९३० च्या दशकापासून ॲल्युमिनियम ऑक्साइडपासून बनवलेली कठीण मृत्तिका वापरात आली आणि तीच आजही प्रचलित आहे. भारतात बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ‘मायको’ प्लग अनेक दशके घरोघरी परिचित होते. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे झाले.

रचना व कार्य

प्लगचे मुख्य भाग चार: आटे असलेले पोलादी कवच, त्यातील पांढरा मृत्तिकेचा निरोधक, निरोधकाच्या मधून जाणारे मध्यवर्ती विद्युत अग्र आणि कवचाला जोडलेले वाकडे बाजूचे अग्र. दोन अग्रांमधील मोकळ्या जागेला फट म्हणतात. बहुतेक मोटारींत ती ०.६ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते.

दट्ट्या मिश्रण दाबत वर येत असताना इग्निशन कॉइल हजारो व्होल्टचा दाब निर्माण करते. प्रत्यक्ष गरज परिस्थितीनुसार साधारण १० हजार ते ३० हजार व्होल्ट असते. हा दाब पुरेसा झाला की फटीतील वायूचे आयनीभवन होऊन ठिणगी पडते. ठिणगीभोवती ज्वालेचा एक लहान गोळा तयार होतो आणि तेथून ज्वाला संपूर्ण ज्वलनकक्षात पसरते.

या भागाला पडणारे श्रम मोठे आहेत. ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर चतुर्धाव (फोर-स्ट्रोक) इंजिनातील प्रत्येक प्लगला किलोमीटरमागे १,२५० ठिणग्या द्याव्या लागतात. २० हजार किलोमीटरच्या प्रवासात ही संख्या सुमारे अडीच कोटी होते. प्रत्येक ठिणगीबरोबर अग्राच्या धातूचा अतिसूक्ष्म अंश उडून जातो. धार बोथट होते, फट रुंदावते आणि ठिणगी पडण्यासाठी अधिकाधिक व्होल्टता लागते.

इंधनाच्या खपाशी संबंध

मिश्रण एकदा पेटले की पुढील ज्वलन ज्वालेच्या स्वतःच्या बळावर होते. इंधनातील ऊर्जेच्या तुलनेत ठिणगीतील ऊर्जा नगण्य असते. फटाक्याची वात उदबत्तीने पेटवली काय किंवा मशालीने, फटाक्याचा जोर बदलत नाही. त्याचप्रमाणे निरोगी ठिणगीच्या जागी अधिक प्रखर ठिणगी आणल्याने सामान्य मिश्रणातून अधिक काम मिळत नाही. मात्र वात पेटलीच नाही तर फटाका वाया जातो. झिजलेल्या प्लगमुळे होणारे नुकसान याच स्वरूपाचे असते.

ठिणगी चुकली की त्या आवर्तनातील इंधन न जळताच बाहेर पडते. मोटार-दुरुस्तीच्या बोलीत याला ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात. चार सिलिंडरांपैकी एक निकामी राहिला, तर उरलेल्या तिघांना त्याचाही भार वाहावा लागतो. चालक वेग राखण्यासाठी अॅक्सिलरेटर अधिक दाबतो आणि खप वाढतो. चढावर, पूर्ण भाराखाली किंवा इंजिन थंड असताना हा दोष प्रथम जाणवतो, कारण त्या वेळी ठिणगी पडणे सर्वांत अवघड असते.

इंधन अंतःक्षेपण असलेल्या मोटारीत आणखी एक दुष्परिणाम होतो. ठिणगी चुकलेल्या सिलिंडरातील प्राणवायू न वापरला जाता धुराड्यात येतो. तेथील ऑक्सिजन संवेदक ‘मिश्रणात इंधन कमी आहे’ असा चुकीचा संदेश देतो आणि संगणक इंधनाचे प्रमाण वाढवतो. न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात पेटून तो अतितप्त होतो व कायमचा खराब होऊ शकतो. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या चाचणीत पेट्रोल मोटारीच्या धुरातील हायड्रोकार्बनचे प्रमाण तपासले जाते. ठिणगी चुकणारी मोटार या चाचणीत नापास होण्याची शक्यता असते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ग्राहकांसाठी दिलेल्या माहितीनुसार, स्पष्टपणे बिघडलेल्या मोटारीची जुळणी नीट केल्यास इंधनकार्यक्षमतेत सरासरी ४ टक्के सुधारणा होते. दोष गंभीर असल्यास ती बरीच जास्त असू शकते. उदाहरणार्थ, लिटरला १४ किलोमीटर चालणारी मोटार प्लग बदलल्यावर १४.५ किलोमीटर चालू लागली, तर वर्षाला १० हजार किलोमीटरच्या प्रवासात सुमारे २५ लिटर पेट्रोल वाचते. जुने प्लग सुस्थितीत असतील, तर मात्र ते बदलून मोजता येण्याजोगा फरक पडेलच असे नाही.

निवडीचे निकष

बदली प्लग निवडताना मोटारीच्या माहितीपुस्तिकेतील किंवा प्लग-उत्पादकाच्या तक्त्यातील क्रमांक प्रमाण मानतात. त्या क्रमांकात पुढील बाबी अंतर्भूत असतात.

आट्यांचा व्यास व लांबी. मोटारींत १४ मिलिमीटर व्यासाचे आटे सर्वांत प्रचलित आहेत. १०, १२ व १८ मिलिमीटरचेही असतात. आट्यांची लांबी जुन्या इंजिनांत १२.७ मिलिमीटर, तर अनेक इंजिनांत १९ मिलिमीटर असते. आखूड इंजिनात लांब प्लग बसवल्यास तो दट्ट्यावर किंवा झडपेवर आदळू शकतो. लांब भोकात आखूड प्लग बसवल्यास ठिणगी खोबणीत दडून राहते आणि उघड्या आट्यांत काजळी साचते. प्लगची बैठक सपाट (वॉशरसह) आहे की शंकूच्या आकाराची, हेही जुळावे लागते.

उष्णता-श्रेणी. प्लगच्या टोकाकडील उष्णता किती वेगाने इंजिनाच्या हेडकडे वाहून जाते, याचे हे माप आहे. ठिणगीच्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही. निरोधकाचे टोक लांब असेल तर उष्णता सावकाश निघून जाते, टोक तप्त राहते आणि त्याला ‘गरम’ प्लग म्हणतात. टोक आखूड असेल तर तो ‘थंड’ प्लग होय. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर त्यावरील काजळी जळून जात नाही. ते ८५० ते ९०० अंशांच्या वर गेले तर टोक निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते आणि त्यातून दट्ट्या वितळण्यापर्यंत हानी होऊ शकते. म्हणून काजळी धरते या कारणासाठी मूळ दोष न शोधता अधिक गरम प्लग बसवणे धोक्याचे असते.

फट. फट फार लहान असेल तर ज्वालेचा आरंभीचा गोळा लहान राहतो आणि मंद गतीला इंजिन अडखळते. ती फार मोठी असेल तर कॉइलची व्होल्टता अपुरी पडते. कॉन्टॅक्ट पॉइंट व डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या मोटारींना लहान फट, तर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन असलेल्या मोटारींना मोठी फट चालते. नव्या मोटारीसाठी १.१ मिलिमीटर फटीने बनवलेला प्लग जुन्या पॉइंटच्या गाडीत तसाच बसवल्यास नवा प्लग असूनही ठिणगी चुकू शकते.

रोधक. अनेक प्लगमध्ये सुमारे ५ हजार ओहमचा रोधक बसवलेला असतो. तो रेडिओतील खरखर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतील व्यत्यय कमी करतो. संगणक-नियंत्रित मोटारीत रोधक नसलेला प्लग वापरू नये.

अग्रांचा धातू. साध्या प्लगचे अग्र निकेलच्या मिश्रधातूचे असून, उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्या गाभ्यात तांबे असते. निकेलचा वितळणबिंदू सुमारे १,४५५ अंश, प्लॅटिनमचा १,७६८ अंश आणि इरिडियमचा सुमारे २,४४६ अंश सेल्सिअस आहे. त्यामुळे मौल्यवान धातूंचे अग्र सावकाश झिजते व ते अगदी बारीक करता येते. निकेलचे मध्यवर्ती अग्र साधारण २.५ मिलिमीटर जाडीचे, तर इरिडियमचे ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक असते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टतेला पडते. साधे प्लग सामान्यतः २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. प्लॅटिनम व इरिडियमचे अनेक प्लग १ लाख किलोमीटरच्या आसपास टिकतात.

मौल्यवान धातूचा मुख्य लाभ यावरून स्पष्ट होतो. इरिडियम प्लगमुळे नव्या निकेल प्लगपेक्षा मायलेज लक्षणीय वाढत नाही. ते दीर्घकाळ घसरत नाही. ज्या इंजिनात प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी अनेक भाग उतरवावे लागतात, तेथे हा टिकाऊपणा किमतीला साजेसा ठरतो. जेथे प्लग दहा मिनिटांत निघतो आणि मोटार वर्षाकाठी थोडीच चालते, तेथे योग्य क्रमांकाचा साधा प्लग वेळेवर बदलणे पुरेसे असते. जुने इंजिन तेल जाळत असेल, तर महागडा प्लगही तेलाने माखून आयुष्य पूर्ण होण्याआधीच निकामी होतो.

सांकेतिक क्रमांकांचे वाचन

प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक भाषा वेगळी असते. ‘बीपीआर६ईएस’ या एनजीके प्लगमध्ये ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ‘पी’ म्हणजे पुढे आलेला निरोधक, ‘आर’ म्हणजे रोधक, ‘६’ ही उष्णता-श्रेणी, ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबी आणि ‘एस’ म्हणजे तांब्याचा गाभा असलेले साधे अग्र. शेवटी ‘-११’ असल्यास फट १.१ मिलिमीटरची असते. त्याच मालिकेत ‘ई’च्या जागी ‘एच’ असेल, तर लांबी १२.७ मिलिमीटर असते. एका अक्षराच्या फरकाने प्लग इंजिनाला अयोग्य ठरू शकतो, तो असा.

उष्णता-श्रेणीच्या आकड्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. एनजीके व डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश व चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो. एका कंपनीच्या प्लगऐवजी दुसऱ्या कंपनीचा घेताना आकडे थेट न जुळवता उत्पादकांचा पर्यायी क्रमांकांचा तक्ता पाहावा.

जुन्या प्लगची तपासणी

काढलेला प्लग इंजिनाच्या प्रकृतीची माहिती देतो. म्हणून प्लग कोणत्या सिलिंडरातून काढला हे लक्षात ठेवून तो पाहतात.

टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर ज्वलन ठीक असते. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी अतिरिक्त इंधन, अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, सतत थोड्या अंतराचा प्रवास किंवा गरजेपेक्षा थंड प्लग यांकडे निर्देश करते. ओलसर, तेलकट काळा थर झिजलेल्या रिंगा अथवा झडपांच्या मार्गदर्शक नळ्या यांतून तेल येत असल्याचे सांगतो. पांढरेफटक, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण असून, त्यामागे इंधन कमी असलेले मिश्रण, चुकलेले टायमिंग, शीतनातील बिघाड किंवा अति गरम प्लग असू शकतो.

चारही प्लग एकसारखे काळे असतील तर दोष सामाईक, म्हणजे कार्बुरेटर किंवा संवेदक यांत शोधावा. एकच वेगळा दिसत असेल तर त्या सिलिंडराची वायर, कॉइल, अंतःक्षेपक आणि संपीडन तपासावे. हे न करता केवळ नवे प्लग बसवल्यास काही दिवस गाडी सुधारल्याचा भास होतो आणि नवे प्लगही त्याच अवस्थेला जातात.

भारतातील जुन्या मोटारी

कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० या भारतातील परिचित जुन्या मोटारी होत. यांच्या कार्बुरेटर असलेल्या आवृत्त्यांमध्ये प्लगइतकेच महत्त्व पॉइंटची फट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, वायरी आणि टायमिंग यांना असते. यांपैकी काही बिघडलेले असताना प्लगवर केलेला खर्च फलदायी होत नाही. एकाच नावाच्या मोटारीची इंजिने काळानुरूप बदलली असल्याने प्लग मागताना केवळ मोटारीचे नाव न सांगता उत्पादनवर्ष व इंजिनाचा प्रकारही सांगावा.

सीएनजी किंवा एलपीजीवर रूपांतरित केलेल्या मोटारींत ठिणगीसाठी अधिक व्होल्टता लागते. त्यामुळे अशा मोटारींत प्लग लवकर तपासावे लागतात व काही वेळा फट किंचित कमी ठेवण्याची शिफारस केली जाते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही येथे विचार करावा लागतो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी वाहनांची इंधनकार्यक्षमता २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या २०२१ च्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात दिला आहे. इंधनातील ऊर्जाच कमी असल्याने झालेली ही घट प्लग बदलून भरून निघत नाही.

बसवताना घ्यावयाची दक्षता

ॲल्युमिनियमच्या हेडमधील प्लग इंजिन थंड असतानाच काढावा. गरम असताना आटे ओरबाडले जाण्याची भीती असते. काढण्यापूर्वी भोवतालची धूळ हवेने उडवावी, म्हणजे ती सिलिंडरात पडत नाही. वायरी ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने परत लावाव्यात. नव्या प्लगची फट फीलर गेजने तपासावी. फट जुळवताना बाजूचे अग्रच अलगद वाकवावे. मध्यवर्ती अग्रावर जोर दिल्यास निरोधकाला तडा जातो. इरिडियमचे बारीक टोक विशेष नाजूक असते व तारेच्या ब्रशने ते घासू नये.

प्लग प्रथम हातानेच फिरवावा. सपाट बैठकीचा, नवा वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण अर्धा ते दोनतृतीयांश फेरा आवळतात. शंकूच्या बैठकीला सुमारे एकषोडशांश फेरा पुरतो. सैल प्लगमधून दाब निसटतो व उष्णता वाहून जात नाही. अति आवळलेल्या प्लगमुळे हेडमधील आटे तुटतात. त्या दुरुस्तीचा खर्च इंधनातील कित्येक वर्षांच्या बचतीपेक्षा अधिक होऊ शकतो. प्लग शक्यतो सर्व एकदम, एकाच क्रमांकाचे बदलावेत आणि नकली माल टाळण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावेत.

परिणामाचे मापन

प्लग बदलल्याचा परिणाम अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येतो. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा टिपावा, नेहमीच्या मार्गावर ३०० ते ४०० किलोमीटर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी. कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागल्यास मायलेज मिळते. ३५० किलोमीटरला २५ लिटर लागले तर ते १४ किलोमीटर होय. पंपावर टाकी भरण्यातील फरक, वाहतुकीची गर्दी, वातानुकूलन आणि टायरमधील हवा यांमुळे एका मापनात काही टक्क्यांची चूक सहज होते. म्हणून प्लग बदलण्यापूर्वीच्या व नंतरच्या किमान तीन-तीन नोंदींची सरासरी घ्यावी. शक्यतो त्या काळात दुसरी कोणतीही दुरुस्ती करू नये. अन्यथा सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

प्रचलित गैरसमज

अनेक बाजूची अग्रे असलेल्या प्लगमध्ये एकाच वेळी अनेक ठिणग्या पडतात, असा समज आहे. वस्तुतः प्रत्येक वेळी ज्या फटीचा विरोध सर्वांत कमी असेल तेथेच ठिणगी पडते. अग्रे आळीपाळीने झिजत असल्याने प्लगचे आयुष्य मात्र वाढते. फट नेमून दिलेल्या मापापेक्षा वाढवल्यास मायलेज वाढते, हाही समज चुकीचा असून, त्यामुळे जुन्या कॉइलवर ताण येतो. ‘गरम’ प्लग इंधन अधिक चांगले जाळतो, या समजुतीचे मूळ उष्णता-श्रेणी या शब्दाच्या चुकीच्या अर्थात आहे.

याउलट ‘गाडी चालते आहे तोवर प्लग बदलण्याची गरज नाही’ ही समजूतही तितकीच महाग पडते. प्लगची झीज सावकाश होते, चालकाला तिची सवय होते आणि वाढलेला खप मोटारीच्या वयावर ढकलला जातो. प्लग मुदतीत तपासला व योग्य क्रमांकाचा बसवला, तर जुने इंजिनही त्याच्या उरलेल्या क्षमतेनुसार इंधनाचा पूर्ण उपयोग करू शकते.